लाँचचं हँडल माझ्याकडे आहे

लाँचच्या मालकाने मला फसवलं. माझी बहीण आजारी असताना त्याने तिला प्राणहिता नदीच्या पात्रात रेतीवर उतरवलं आणि लाँच पुढे नेली. नंतर कचेरीत साहेबासमोर, माझ्या तोंडावर म्हणाला, अशी कोणी बाई माझ्या लाँचवर चढलीच नव्हती.

एवढंच आहे. पुढे लिहितो ते हे कसं घडलं त्याचं.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझा बाप बांबूकटाईवर मजूर होता आणि मरेपर्यंत मजूरच राहिला. मी मिठाचं पोतं डोक्यावर घेऊन बाजार करायला लागलो तेव्हा मला मिसरूड फुटलेलं नव्हतं. एटापल्लीचा बाजार, अहेरीचा बाजार, पावसाळ्यात नाले पोहून जायचे. पुढे सायकल घेतली, पुढे ॲल्युमिनियमची भांडी ठेवू लागलो. माझ्याशी भाव करून कोणी जिंकला नाही, हे लोक बाजारात हसत सांगायचे आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. रागीट म्हणूनही नाव होतं. तेही खोटं नव्हतं.

बहीण माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला वाढवलं तिनेच. आम्ही तिला बाई म्हणायचो. नवरा वारल्यावर ती माझ्याकडे आली. आल्या दिवसापासून बसून खाल्लं नाही तिने. बांगड्यांची पाटी घेतली आणि माझ्याबरोबर बाजार करू लागली. आमच्या विहारात संध्याकाळी मोठ्या बायांना लिहायला शिकवायचे. तिथे ती चाळिशीत सही शिकली. तेव्हापासून तिने कुठेही अंगठा दिला नाही. रेशनच्या दुकानात दुकानदार सवयीने शाईचा डबा पुढे करायचा, तर ती तो मागे सारून पेन मागायची. मागे रांग लागलेली असली तरी सावकाश, एकेक अक्षर काढून सही करायची. माझ्यासारख्याला ते बघून घाई व्हायची. पण कोणी मागून बोललं तर मी त्याच्या अंगावर जायचो.

त्या वर्षी पावसाने खालच्या अंगाची सडक धुवून नेली होती. एसटी अर्ध्या वाटेवरून परत यायची. कार्तिकात खाली संगमावर मोठी जत्रा भरते. ही जत्रा हुकली तर माझं वर्षाचं गणित बिघडायचं. अशात एका ठेकेदाराने नवीन धंदा काढला. दोन मोठ्या लाकडी नावा शेजारी-शेजारी बांधल्या, वर फळ्या ठोकल्या, ताडपत्रीचं छत केलं आणि मागे डिझेल इंजिन बसवलं. तो तिला लाँच म्हणायचा, म्हणून सगळेच लाँच म्हणू लागले. जीपवर भोंगा लावून गावोगाव ओरडत फिरला होता: तीन दिवसांचा नदीप्रवास, दोन वेळचं जेवण, टेपवर गाणी, बसचे धक्के नाहीत, बसल्या जागी देवदर्शन.

मी त्याच्याशी भाव केला. सात पोती भांडी आणि बाईची बांगड्यांची पाटी एवढा माल होता. त्याने मालाचं भाडं सांगितलं. मी उतरवलं. तो अडला. मग मी म्हणालो, "मालाचं पुरं भाडं देतो शेठ. माझं तिकीट फाडा. पण बाईचं तिकीट लावायचं नाही. ती मालासोबत बसेल, तुमची जागा अडवणार नाही."

त्याने जरा विचार केला आणि हसला. "बसू द्या. पाटीसंगं पाटीवाली."

मालाची चिठ्ठी त्याने लिहून दिली: पोती सात, बांगड्यांची पाटी एक. तिकिटांच्या यादीत माझं नाव घातलं. तिचं घातलं नाही. ते मीच घालू दिलं नाही, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण हे लपवलं तर मग मी आणि तो यांत फरक काय राहिला.

लाँच सुटल्यावर बाईने विचारलं, "माहं तिकीट काऊन नाई फाडलं रे?"

"तू आज मालात हायेस."

"म्हणजे पोत्यात जमा केली मले." ती हसली. "चांगला भाव लावजो मंग. सस्त्यात नको देऊ."

पहिला दिवस चांगला गेला. जत्रेला जाणारी माणसं होती, बहुतेक धानाचे शेतकरी, त्यांच्या बायका, काही म्हातारे. छताखाली गाणी वाजत होती. काठाने जंगल सरकत होतं. कोणी मगर दिसली म्हणून ओरडायचं आणि सगळे एका बाजूला धावायचे, मग नावाडी शिव्या घालायचे. बाईने दुपारपर्यंत सहा-सात बायांच्या हातात बांगड्या भरल्या. बसल्या जागी धंदा होतो आहे, म्हणून मी खूश होतो.

संडासासाठी लाँचच्या मागे दोन फळ्या बाहेर काढून त्यांना गोणपाटाचा पडदा लावला होता. चालत्या लाँचवर त्याने काही बिघडत नव्हतं. पण संध्याकाळी त्यांनी लाँच काठाला लावली तेव्हा मागची बाजू धारेच्या वरच्या अंगाला आली आणि स्वयंपाकी पुढच्या बाजूने बादली टाकून पिण्याचा पिंप भरू लागला. मी बघितलं. त्याला म्हणालो, "अरे, वरून काय वाहून येऊन राह्यलं, दिसत नाई काय?"

तो म्हणाला, "वाहती नदी हाये भाऊ. वाहत्या पाण्याले काय होते?"

माझ्या बाजूला बसलेले दोघे-तिघेही तेच म्हणाले. मीही मग विषय सोडला. त्या पिंपाचं पाणी मीही प्यायलो. मला काही झालं नाही, ते का, हे मला आजवर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा पडद्याकडे गेला आणि परत येताना लाँचच्या फळ्यांवर बसला तो उठलाच नाही. उलट्या, पाण्यासारखे जुलाब. त्यानंतर दोन बाया. मालक आला, बघितलं आणि मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऊन लागलं. रात्रीचं वरण जड झालं असंल. लिंबूपाणी द्या."

कार्तिकातलं ऊन. एका बाईने "हगवण" हा शब्द काढला तर तो तिच्यावर वसकला, "हा शब्द ज्याच्या तोंडातून निघंल त्याले पुढच्या घाटावर उतरवून देईन. उगा लोकाइले भेव नका दाखवू." मग त्याने टेपचा आवाज वाढवला. म्हातारा पोट धरून कण्हत होता आणि डोक्यावर गाणं वाजत होतं.

मी म्हणालो, "लाँच फिरवा. वर सडकेजवळ दवाखाना आहे."

"उलट्या धारेनं दीड दिवस लागते. डिझल कुठून आणू? अन् संगमावर परतीची माणसं उभी राहतीन, त्याइले काय सांगू?"

दुपारपर्यंत आजारी पाच झाले. तेव्हा बाया एकत्र बसल्या. आमच्याकडे गावात असा आजार शिरला की बाया सुपात हळद, कुंकू, निंबू, हिरव्या बांगड्या आणि दिवा ठेवून ते सूप गावाच्या शिवेपलीकडे नेऊन ठेवतात. आजार त्या सुपाबरोबर गेला असं मानतात. पुढच्या गावाला सूप दिसलं की ते आपली शीव बंद करतात, बाहेरच्याला आत घेत नाहीत आणि सूप त्यांच्या पुढच्या शिवेवर नेऊन टाकतात. लाँचवर शीव नव्हती, नदी होती. म्हणून सूप नदीत सोडायचं ठरलं. मालकाला ही गोष्ट फार आवडली. नारळ त्याने स्वतःच्या पैशाने दिला. डॉक्टर मागितला तर डिझेल नव्हतं, नारळ मागितला नव्हता तरी मिळाला.

बाया बांगड्या मागायला बाईकडे आल्या. आम्ही बौद्ध, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून जरा चाचरत होत्या. बाईने पाटीतून एक डझन हिरव्या काढून दिल्या.

मी चिडलो. "तू कायले देऊन राह्यली? तुह्या मनात तं देवी नाई."

"देवीले नाई देत. त्या बाईचा सासरा पडून हाये तिथी, तिच्या मनाले देतो मी." पाटी झाकत ती म्हणाली, "तुह्यासारखं चिल्लावून तरी काय झालं? फिरवली काय त्यानं लाँच?"

सूप धारेला लागलं आणि हलत हलत पुढे निघून गेलं. सगळ्यांनी हात जोडले. संध्याकाळी लाँच काठाला थांबली. सूप थांबलं नाही.

त्यात काय चूक झाली ते माझ्यासारख्या हिशेबी माणसालाही तेव्हा सुचलं नाही. सूप आणि आम्ही एकाच दिशेने जात होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाईला सुरू झालं. उजाडेपर्यंत ती चारदा पडद्यामागे जाऊन आली. पाचव्यांदा मी तिला धरून नेलं. तिचा हात माझ्या हातात थंड लागला.

"काई नाई रे," ती म्हणाली. "पाटी झाकून ठेव. पोट्टे हात लावतीन."

सकाळी पहिलं गाव आलं. घाटावर पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन उभी होती. काठावर बांबू रोवून त्याला निंबाचे डहाळे बांधले होते. एकजण पाण्यात कमरेपर्यंत उतरला होता. तेलुगूमिश्रित मराठीत तो ओरडला, "ते सूप तुमचंच ना? काल सांजेला इथं लागलं. आम्ही ढकललं पुढं. तुम्ही बी पुढं जा."

आमचा मालक हात जोडून म्हणाला, "आमचं नाई भाऊ, वरच्या कोणत्या गावचं असंल."

"मंग ते खाली झोपून हायेत ते कोण?" त्याने लाँचकडे काठी केली. "बांगड्या कोऱ्या होत्या, रंग बी उडाला नव्हता. वरचं गाव दोन दिवसांवर हाये."

लाँच पुढे गेली. दुसऱ्या घाटावरही निंब बांधलेला. तिथे ढोल वाजत होता आणि बाया काठावर उभ्या राहून आमच्याकडे मूठमूठ राख फेकत होत्या. सूप आमच्या पुढे जाऊन प्रत्येक गावाला सांगत गेलं होतं. ते सोडलं नसतं तर कुठल्याशा गावात आम्हाला उतरता आलं असतं, बैलगाडी मिळाली असती, माणसं सडकेला लागली असती. मी बाईच्या बांगड्या दिलेल्या हाताकडे बघत होतो आणि मला कोणाला मारावं ते कळत नव्हतं.

त्या गावांना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या लेकरांना जपलं. आम्ही खोटं बोललो आणि त्यांनी ते ओळखलं.

दहाच्या सुमाराला नदीत एक मोठं रेतीचं बेट आलं. मालकाने तिथे लाँच थांबवली आणि मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. "भाऊ, तुम्ही बोलणारे माणूस हाये. डाव्या काठानं दोन-अडीच तास चाललं का सडकेवरचं गाव लागते. तिथी सरकारी दवाखाना हाये. माहं कोणी ऐकणार नाई, तुमचं ऐकतीन. डोंगा देतो, माणूस देतो. डॉक्टर घेऊन या. लाँच इथीच उभी राहीन."

"कशावरून?"

"शब्द देतो."

"शब्द नको. तारण द्या."

मी बाजारात कोणालाही तारणाशिवाय उधार दिलेलं नाही. त्याचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. लोखंडाचं वाकडं, हातभर लांब हँडल. मी म्हणालो, "हे हँडल माझ्यापाशी राहील. मी आलो की लाँच सुरू होईल."

त्याने जरासुद्धा घासाघीस केली नाही. स्वतः काढून माझ्या हातात दिलं. इतक्या सहज कोणी तारण देत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी आयुष्यभर हेच ओळखून जगलो होतो. पण बाई मागे पडली होती आणि मला घाई होती.

बाईजवळ गेलो. तिचे डोळे आत गेले होते. मी हँडल दाखवलं. "आता हा कुठी जात नाई. डॉक्टर आणतो."

तिने हँडलकडे बघितलं. "घासाघीस करून आणलं?"

"नाई. असंच दिलं."

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि काढला.

डोंग्याने काठाला लागलो, नावाडी परत गेला, आणि मी खांद्यावर हँडल टाकून जंगलातून निघालो. सडकेवरच्या गावात पोचेपर्यंत खांदा सोलला होता. डॉक्टर तरुण होता, बाहेरच्या भागातून आलेला. ओसरीवर त्याच्याकडे आधीच रुग्ण होते. तो म्हणाला, मला इथून हलता येणार नाही, रुग्णांना इकडे आणा. मी हँडल त्याच्या टेबलावर आपटलं. शाईची दौत पडली. काय बोललो ते आठवत नाही. त्याने दौत उचलली आणि म्हणाला, "ते खाली ठेवा. त्याऐवजी या बाटल्या धरा. फुटल्या तर तुमच्या बहिणीसाठी दुसऱ्या नाहीत."

सलाईनच्या बाटल्या टोपलीत गवत घालून ठेवल्या. तो आणि त्याचा कंपाउंडर सायकलींवर, मी हँडल पाठीशी बांधून आणि टोपली छातीशी धरून कंपाउंडरच्या मागे. जंगलात सायकली सोडून चालत. काठावर आलो तेव्हा सूर्य कलला होता.

लाँच नव्हती.

हँडल माझ्यापाशी होतं आणि लाँच नव्हती. मी वर बघितलं, खाली बघितलं. मग डोक्यात आलं. नदी खाली वाहते. खाली जायला इंजिन लागतच नाही. चार नावाड्यांनी बांबू लावला की लाँच आपोआप जाते. मी त्याच्याकडून जे तारण घेतलं ते परत वर येण्याचं होतं, आणि त्याला तेव्हा वर यायचंच नव्हतं.

बेटावर ताडपत्रीचा एक तुकडा चार काठ्यांवर टांगलेला दिसत होता. मासे धरणाऱ्या एका गोंड म्हाताऱ्याने आम्हाला त्याच्या डोंग्यातून नेलं. तोही घाबरला होता, पण नेलं. ताडपत्रीखाली पाच माणसं होती. सगळ्यात आधी आजारी पडलेला तो म्हातारा, तीन बाया, आणि माझी बहीण. सहावा आजारी माणूस कुठे होता ते माहीत नाही. कदाचित त्याच्या बाजूने भांडणारे जास्त असतील, म्हणून त्याला उतरवलं नसेल. शेजारी पाण्याचा हंडा ठेवला होता, त्याच पिंपातल्या पाण्याचा. बांगड्यांची पाटी आणि माझी पोती नव्हती.

शुद्धीत असलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, तो म्हणे डॉक्टर इथीच येते, लाँचवर बाकीच्याइले लागण होईन, म्हणून उतरा. घरच्याइले संगं थांबू देल्लं नाई. मंग कागदावर अंगठे घेतले. म्हणे, खुशीनं उतरलो असं लिहून द्या, नाई तं डॉक्टर हात लावणार नाई."

डॉक्टर कामाला लागला होता. काठ्यांना बाटल्या टांगत होता. बाईची शीर सापडत नव्हती. त्याने तिचा हात उलटा केला आणि मला तिचा अंगठा दिसला. डावा अंगठा. निळा.

ज्या बाईने रांगेतल्या लोकांची बोलणी ऐकली पण कधी शाईच्या डब्याला बोट लावलं नाही, तिचा अंगठा निळा होता. शुद्ध गेल्यावर धरून दाबला असणार. शुद्धीत असती तर तिने पेन मागितलं असतं. मला खात्री आहे. हात कापत असता तरी तिने पेन मागितलं असतं.

डॉक्टरने शीर शोधली. बाटली लावली. मी तिच्या तोंडात चमच्याने मीठ-साखरेचं पाणी घालत होतो आणि ते बाजूने गळत होतं. एकदा तिने डोळे उघडले. मला वाटतं तिने मला ओळखलं.  सूर्य झाडांच्या मागे गेला तेव्हा डॉक्टरने सलाईनचा नळ बंद केला आणि ती बाटली दुसऱ्या बाईकडे नेली.  

बाकीचे चौघे जगले. त्या डॉक्टरमुळे जगले. मी त्याच्या टेबलावर लोखंड आपटलं होतं, त्याची माफी मी नंतर जाऊन मागितली.

बाईला त्याच काठावर मूठमाती देऊन पाचव्या दिवशी मी संगमावर पोचलो. जत्रा भरात होती. लाँच घाटाला लागलेली, नवीन हँडल करून घेतलेलं, भोंग्यावर परतीच्या प्रवासाची जाहिरात चालू. मालक खुर्चीत बसून चहा पीत होता. मला बघून उठला नाही.

मी म्हणालो, "माझी बहीण मेली."

"कोणती बहीण?"

"शेठ, माझ्यासोबत होती ती."

"तुमच्या नावाचं एक तिकीट हाये. दुसरं कुठी हाये, दाखवा." त्याने यादी काढली, माझ्यासमोर धरली. "पहा. बाईचं नाव दिसते काय तुमाले?"

मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. तो कपडे झटकत म्हणाला, "तुमचा माल सांभाळून ठेवला हाये. सात पोती, एक पाटी. चिठ्ठीनुसार मोजून घ्या. मी कोणाचं बुडवत नाई."

कचेरीत तक्रार केली. साहेबाने त्याला बोलावलं. त्याने यादी दाखवली आणि खुशीने उतरल्याचे चार कागद दाखवले, चार अंगठे. त्या चौघांना रस्त्यात उतरून नातेवाइकांकडे जायचं होतं म्हणाला. नदीतल्या रेतीवर कोणाचे नातेवाईक राहतात, हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरच्या रजिस्टरात बाईची नोंद होती, पण ती बेटावर सापडलेल्या बाईची होती. ती लाँचवरून उतरली हे डॉक्टरने बघितलं नव्हतं, आणि न बघितलेलं तो लिहिणार नव्हता.

मी मालाची चिठ्ठी पुढे केली. "साहेब, यात बांगड्यांची पाटी एक, असं यांच्याच हातचं लिहिलं आहे. पाटी चढली आणि पाटीवाली चढली नाही?"

मालक म्हणाला, "पाटी यांचीच असंल, साहेब."

"मी बांगड्या भरतो काय बायाइले?"

तिथे बसलेला एक कारकून हसला. साहेबही जरा हसले. मीही बाजारात असाच बोलून लोकांना हसवत आलो होतो. तिथे हसू आल्यावर माझी केस गेली.

बाकीचे प्रवासी साक्षीला आले नाहीत, रेतीवरून वाचलेले ते चौघेही नाहीत. एकेकाच्या गावी जाऊन आलो. सुपासाठी बांगड्या मागायला आलेली ती बाई मला विहिरीपाशी भेटली. इकडे तिकडे बघून म्हणाली, "भाऊ, माह्या सासऱ्याले तुमच्या डॉक्टरनं वाचवलं, मले आठवण हाये. पण लाँचवर आजार होता असं मी बोलली तं गाव आमाले शिवेबाहेर ठेवते. लेकराइले घेऊन कुठी जाऊ?" तिच्या हातात बाईने भरलेल्या बांगड्या होत्या. माझी नजर गेली तशी तिने हात पदराखाली घेतला.

लोकांना वाटतं मला भरपाई हवी होती. मालकालाही तेच वाटलं. एकदा त्याने माणूस पाठवला, "बोला, कितीत मिटवता?" मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा भाव केला, म्हणून त्याला वाटलं हिचाही करीन. मी त्या माणसाला दारातून हाकललं.

मी चुकलो ते वर लिहिलं आहे. तिकीट मी वाचवलं. हँडल मी घेतलं आणि नदी कुठे वाहते ते विसरलो. माझ्या वाटणीचं मी रोज भोगतो आणि त्यासाठी मला कोणी बोलावण्याची गरज नाही. पण रेतीवर पाच माणसं होती, आणि अंगठे पाचांचे घेतले होते. कचेरीत कागद चारच आले. पाचवा कागद त्याने कधी फाडला? ती मेल्याचं कळल्यावर की यादीत नाव नाही हे बघितल्यावर? फाडताना त्यावरचा तो अंगठा त्याने बघितला का?

त्याचं जुनं हँडल अजून माझ्या घरात दाराच्या मागे उभं आहे. गंजू नये म्हणून मी त्याला तेल लावतो. चिठ्ठी नाकारता येते, यादी दाखवता येते, पण हे लोखंड माझ्याकडे कसं आलं ते सांगायचं तर त्याला त्या दिवसाचं सगळं सांगावं लागेल: कोण आजारी होतं, मला कोणासाठी पाठवलं, आणि मी परत येईपर्यंत थांबायचं कबूल करून तो का निघून गेला.

शेठ, तुमचं तारण न्यायला या. माझ्या दारात, माझ्या मोहल्ल्यातल्या माणसांसमोर उभे राहा आणि सांगा की ती बाई तुमच्या लाँचवर होती. मग सांगा, पाचवा कागद कुठे आहे.